झांझिबारची भाऊबंदकी

१८५६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मस्कतहून झांझिबारकडे निघालेले ‘व्हिक्टोरिया’ नावाचे एक लढाऊ जहाज सेशेल बेटांच्या परिसरात आले असता त्यावर एका राजाचा मृत्यू झाला. सय्यद सईद बिन सुलतान हे त्या राजाचे नाव. अर्धशतक राज्य केलेला हा पुरुष आपल्या एका राजधानीहून दुसऱ्या राजधानीकडे जात असता, दोहोंच्या मध्ये, पाण्यावर निवर्तला. दर्यावर मरण आले तर प्रेत समुद्रालाच अर्पण करावे असा प्रघात असताही बरोबर असलेला त्याचा पुत्र बरगश याने तसे केले नाही. पेटीत ठेवलेले वडिलांचे शव घेऊन तो रात्रीच्या अंधारात झांझिबारच्या किनाऱ्यावर उतरला, कोणासही वार्ता लागू न देता त्याने दफनविधी उरकला, आणि उजाडण्यापूर्वी किल्ला व राजवाडा ताब्यात घेण्याचा प्रयत्न करून पाहिला. तो साधला नाही. सकाळ झाली तेव्हा झांझिबारचा धनी बरगश नसून त्याचा थोरला भाऊ माजिद होता. आणि दूर अरबस्तानच्या किनाऱ्यावर, मस्कत येथे, या दोघांहूनही वडील असलेला थुवैनी हा पित्याच्या मृत्यूची वार्ता अद्याप कानी न आल्यामुळे त्याच्या नावाने कारभार पाहत होता.

‘भाऊबंदकी’ हा शब्द मराठी माणसाला कोणी समजावून द्यावा लागत नाही. परंतु या भाऊबंदकीची मौज अशी की तिचा निवाडा ना अरबस्तानात झाला ना आफ्रिकेत. तिच्या कागदांचा प्रवास मुंबईहून कलकत्त्याकडे झाला, आणि शेवटचा हुकूम हिंदुस्थानच्या गव्हर्नर-जनरलच्या सहीने सुटला.

सईदचे राज्य नकाशावर रंगवून दाखविणे कठीण, कारण ते जमिनीपेक्षा किनाऱ्याचेच अधिक होते. ओमान हे त्याचे मूळ घर. मकराणच्या काठावरील ग्वादर त्याचेच. आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील लामू, मोंबासा, किल्वा ही बंदरे व झांझिबार आणि पेंबा ही बेटे त्याच्या अमलाखाली होती. मोसमी वारा एका ऋतूत जहाजांना अरबस्तानाकडून आफ्रिकेकडे नेतो आणि दुसऱ्या ऋतूत परत आणतो. त्या वाऱ्यावर उभे राहिलेले हे राज्य. झांझिबारात लवंगेच्या बागा वाढविण्यास त्याने मोठे उत्तेजन दिले आणि पुढे मस्कतचा रखरखाट सोडून तो त्या हिरव्या बेटावरच राहू लागला. त्याच्या जकातीचा मक्ता कच्छी भाटियांच्या जयराम शिवजी या पेढीकडे असे. मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘लिव्हरपूल’ हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज त्याने इंग्लंडच्या राजाला भेट म्हणून दिले होते. तिकडे त्याचे नाव ‘इमाम’ असे ठेवण्यात आले. अमेरिकेशी १८३३ साली, इंग्लंडशी १८३९ साली आणि फ्रान्सशी १८४४ साली त्याने व्यापारी तह केले. हे सर्व वैभव होते, आणि त्याच्या तळाशी दुसरेही एक सत्य होते: लवंगा खुडणारे हात गुलामांचे होते, व झांझिबारचा बाजार माणसांच्या विक्रीसाठी दूरवर प्रसिद्ध होता.

अशा राज्याचा वारस कोण? थोरला मुलगा हिलाल याच्यावर पित्याची इतराजी झाली व तो १८५१ साली एडनला मरण पावला. १८४४ साली सईदने ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड अ‍ॅबर्डीन याला पत्र लिहून कळविले होते की, आपल्यामागे आफ्रिकेतील मुलूख खालिद याने व ओमानचा मुलूख थुवैनी याने सांभाळावा. पुढे १८५४ साली खालिदही वारला आणि झांझिबारचा कारभार माजिदकडे आला. पण माजिदला केवळ कारभारी नेमले की खालिदच्या जागी वारस केले, हे वृद्ध राजाने शब्दांत कोठे स्पष्ट केले नाही. त्याने मृत्युपत्र करून ठेवले होते. त्यात खाजगी मालमत्तेची वाटणी होती, गादीविषयी मात्र अक्षरही नव्हते. घरातील वस्तूंची चोख वाटणी करणारा बाप राज्याच्या वाटणीविषयी मौन पाळतो, याचे एक कारण असे असावे की ओमानच्या परंपरेत राज्य ही बापाने मुलाला द्यावयाची वस्तूच नव्हती. तेथील इबादी पंथात इमाम हा निवडला जातो. आणि सईद स्वतः तर इमाम म्हणून कधीच निवडला गेला नाही. १८०६ साली आपल्या बद्र नावाच्या आप्ताला ठार करून तो सत्ताधीश झाला होता. त्याच्या पोटी वाढलेल्या मुलांना वारसाहक्काचे शास्त्र कोणी शिकवावयाचे?

आरंभी तोडगा निघाला. थुवैनीच्या वतीने एक आप्त झांझिबारास आला आणि माजिदने दरसाल चाळीस हजार क्राउन मस्कतला पाठवावेत असे ठरले. हे क्राउन म्हणजे मारिया थेरेसा या ऑस्ट्रियाच्या महाराणीची छाप असलेले रुपेरी नाणे, जे त्या काळी लाल समुद्रापासून झांझिबारपर्यंत खणखणत असे. रक्कम ठरली, पण रकमेचे नाव ठरले नाही, आणि तेथेच सर्व बिघडले. आपल्या जुन्या दप्तरांत खंडणी वेगळी आणि नेमणूक वेगळी. खंडणी देणारा घेणाऱ्याच्या पायाशी असतो. नेमणूक देणारा घेणाऱ्याच्या डोक्यावर. थुवैनी म्हणे, ही खंडणी आहे. झांझिबार हा मस्कतचा मांडलिक मुलूख असून धाकट्याने थोरल्याची अधिसत्ता मान्य केली आहे. माजिद म्हणे, भाऊ अडचणीत आहे म्हणून ही आपखुशीची मदत आहे. मनात येईल तोवर देऊ. लौकरच त्याच्या मनात देणे येईनासे झाले. उलट, ओमानमधील सोहार येथे ठाण मांडून बसलेला तुर्की नावाचा जो आणखी एक भाऊ, त्याला माजिद आपल्याविरुद्ध पैसे पुरवितो अशी थुवैनीची तक्रार होती.

१८५९ च्या प्रारंभी थुवैनीने जहाजे सज्ज करून झांझिबारवर स्वारी केली. केली म्हणजे निघाला. पोचला मात्र नाही. मुंबई सरकारने पाठविलेल्या हिंदी आरमाराच्या युद्धनौकेने त्याला वाटेत गाठले व सांगितले की, मागे फिरावे आणि हा तंटा हिंदुस्थान सरकारच्या लवादावर सोपवावा. थुवैनी मागे फिरला. माजिदनेही लवाद मान्य केला. कागदोपत्री पाहता दोन स्वतंत्र राजांनी तिसऱ्या मित्राला स्वखुषीने पंच नेमले असे दिसते. पण या पंचाने न्यायासनावर बसण्यापूर्वी तोफा आणल्या होत्या, आणि वादी-प्रतिवादी दोघांनाही ते ठाऊक होते. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या दिवशी ती युद्धनौका आडवी आली नसती, तर दोन भावांच्या हट्टासाठी झांझिबारच्या किनाऱ्यावर पुष्कळ रक्त सांडले असते. हस्तक्षेपाचा हेतू शुद्ध नसेल, परिणाम मात्र त्या क्षणी दयेचाच झाला.

लवादाचे काम सुरू होण्यापूर्वी बरगशने पुन्हा डोके वर काढले. १८५९ च्या ऑक्टोबरात, हार्थी टोळीच्या अरबांना हाताशी धरून, त्याने माजिदविरुद्ध बंड पुकारले. या बंडाची आतली हकीकत एका स्त्रीने लिहून ठेवली आहे. सईदची मुलगी सलमा तेव्हा पंधरा वर्षांची होती. मुलींनी लिहिण्यास शिकू नये असा रिवाज असताना तिने उंटाच्या खांद्याच्या हाडावर कुराणातील अक्षरे गिरवून लेखनकला चोरून साध्य केली होती. आणि त्याच विद्येमुळे ती या कटाची चिटणीस बनली. माजिदच्या पहाऱ्याने वेढलेल्या घरातून बरगशला स्त्रीवेषात, बहिणींच्या घोळक्यात लपवून बाहेर काढण्यात आले. तेथून तो बेटाच्या अंतर्भागातील मार्सेल नावाच्या मळ्यात गेला. माजिदचे सैन्य त्याला तेथे पकडू शकले नाही; तो रातोरात शहरातील घरी परतला. शेवटी बंदरातील ब्रिटिश युद्धनौकेवरचे शिपाई उतरले, त्यांनी घराला वेढा दिला, तेव्हा बरगश शरण आला. त्याची रवानगी मुंबईस झाली. सलमाने उत्तरायुष्यात, एका जर्मन व्यापाऱ्याची विधवा म्हणून युरोपात राहत असता, हे सर्व आपल्या आठवणींत लिहिले व ते पुस्तक १८८६ साली प्रसिद्ध झाले. त्यात तिने माजिदविषयीचा आपला पश्चात्तापही लपविलेला नाही. तो भाऊ तिच्याशी चांगला वागला होता, आणि तिने त्याच्याविरुद्ध पत्रे लिहिली होती.

हे बंड मोडण्यात पुढाकार होता झांझिबारमधील ब्रिटिश वकील, मुंबईच्या फौजेतील अधिकारी रिग्बी याचा. हा अनेक भाषा जाणणारा, कडक आणि संशयी गृहस्थ. थुवैनी व बरगश यांच्यामागे फ्रेंचांचा हात आहे असे त्याच्या मनाने घेतले होते. रियुनियन बेटावरील आपल्या मळ्यांसाठी फ्रेंचांना आफ्रिकेतून मजूर हवे होते, आणि ‘मजूर’ या नावाखाली गुलामांचीच खरेदी होत असे, हे त्याचे म्हणणे निराधार नव्हते. रिग्बीने झांझिबारमधील ब्रिटिश प्रजा म्हणविणाऱ्या हिंदी व्यापाऱ्यांकडील हजारो गुलामांची मुक्तता करविली, हेही त्याच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. मात्र ज्या तंट्याचा निवाडा त्याचेच सरकार करणार होते, त्यातील एका पक्षाचे सिंहासन त्याने आधीच ब्रिटिश शिपायांच्या बळावर सावरून धरले होते. पंचाच्या घरचा माणूस प्रतिवादीच्या दारावर पहारा करीत होता, असेच हे झाले.

चौकशीसाठी एडनचा रेसिडेंट ब्रिगेडियर कॉघलन याची नेमणूक झाली. त्याच्यासोबत अरबी भाषेचा पंडित असलेला धर्मोपदेशक बॅजर होता. १८६० साली हे दोघे आधी मस्कतला व नंतर झांझिबारला गेले. जुने कागद मागविले गेले, साक्षी झाल्या, ओमानचा इतिहास धुंडाळण्यात आला. या शोधाचे एक फळ राजकारणापलीकडचे होते: सलील इब्न रझीक याने लिहिलेला ओमानच्या इमामांचा इतिहास बॅजरच्या हाती आला व त्याचे इंग्रजी भाषांतर १८७१ साली छापले गेले. राजांच्या भांडणातून क्वचित विद्येचा असा लाभ होतो.

थुवैनीची बाजू साधी होती. आपण हयात पुत्रांत वडील. ओमान हे मूळ व झांझिबार ही त्याची शाखा. मुळाशिवाय शाखेला अस्तित्व नाही. आणि माजिदने वार्षिक रक्कम कबूल करून हे स्वतःच मान्य केले आहे. माजिदचे उत्तर असे की, वडिलांच्या मनात दोन राज्ये करावयाची होती हे १८४४ च्या पत्रावरून उघड आहे. खालिदची जागा आपणास मिळाली. झांझिबारच्या लोकांनी आपणास स्वीकारले. आणि परराष्ट्रांचे वकील आपल्याशी राजा म्हणूनच व्यवहार करीत आले आहेत.

कॉघलनने डिसेंबर १८६० मध्ये जो अहवाल दिला, तो सरकारी कागद म्हणून वाचावयास घेतला तरी कौतुक वाटावे इतका स्पष्ट आहे. त्याचा निष्कर्ष असा की, ज्येष्ठ पुत्राचा हक्क नावाचा नियम ओमानच्या इतिहासात नाहीच. तेथे ज्याच्या अंगी सामर्थ्य आहे आणि ज्याला टोळ्यांनी मान्यता दिली आहे, तो राजा. मग हाच नियम झांझिबारला का लावू नये? तेथील लोकांनी माजिदला निवडले, म्हणजे माजिद राजा. वडिलकीचा दावा येथे निकालात निघाला. या युक्तिवादाला तर्कदृष्ट्या उत्तर नाही. परंतु ‘तेथील लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न अहवाल फारसा खोलात जाऊन विचारीत नाही. मळेवाले अरब सरदार म्हणजे लोक. बेटावरचे मूळ रहिवासी आणि लवंगा वेचणारे गुलाम यांचे मत कोणी घेतले नव्हते. शिवाय दोन स्वतंत्र राज्ये झाली तर त्यांपैकी झांझिबार ब्रिटिश वजनाखाली राहील आणि गुलामांचा व्यापार रोखणे सोपे जाईल, हा विचारही चौकशीच्या पाठीमागे होताच. न्याय आणि सोय एकाच दिशेला बोट दाखवीत होती, आणि अशा वेळी न्यायाधीशाला आपण न्यायच करीत आहोत असे मनापासून वाटत असते.

मुंबई सरकारला भावांच्या गाद्यांचे प्रकरण नवे नव्हते. १८३९ साली याच सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविले होते, व आप्पासाहेबांच्या मृत्यूनंतर १८४८ साली दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केले होते. प्रतापसिंहांची फिर्याद घेऊन विलायतेस गेलेले रंगो बापूजी यांना तेथे वर्षानुवर्षे दाद मिळाली नाही. साताऱ्यात वारस नाकारून राज्य गिळले. झांझिबारात वारस मानून राज्य दुभंगले. दोन्हींच्या मध्ये १८५७ साल उभे होते. त्या वर्षाचा धडा घेतलेल्या लॉर्ड कॅनिंगने हिंदी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्याचे धोरण याच सुमारास स्वीकारले होते, आणि मस्कत-झांझिबारचे कागद त्याच कॅनिंगच्या मेजावर आले.

निवाडा २ एप्रिल १८६१ रोजी झाला. माजिद हा झांझिबारचा व सईदच्या सर्व आफ्रिकी मुलखाचा राजा ठरला. झांझिबारच्या राजाने मस्कतच्या राजास दरसाल चाळीस हजार क्राउन द्यावेत, आणि मागील दोन वर्षांच्या थकबाकीपोटी ऐंशी हजार क्राउन भरावेत, असे ठरले. मग आली ती कलमे ज्यांसाठी एवढा खटाटोप होता. ही रक्कम झांझिबारच्या मांडलिकत्वाची खूण समजू नये. ती दोन भावांपुरतीही नसून त्यांच्या वारसांवरही बंधनकारक राहील. पित्याच्या वारशाच्या दोन वाट्यांत जी विषमता आहे तिची ती भरपाई होय. झांझिबार श्रीमंत, मस्कत गरीब. श्रीमंताने गरिबाची तूट भरून काढावी. रक्कम तीच राहिली. फक्त तिला नाव मिळाले, आणि ते नाव खंडणी नव्हते, नेमणूकही नव्हते. दोघांनीही निवाडा मान्य केल्याचे लिहून दिले. पुढच्या वर्षी, १० मार्च १८६२ रोजी, इंग्लंड व फ्रान्स यांनी संयुक्त जाहीरनामा काढून मस्कत व झांझिबार या दोन्ही राज्यांच्या स्वातंत्र्याचा आदर करण्याचे वचन दिले.

कागद पक्का होता. माणसे टिकली नाहीत. १८६६ साली सोहार येथे झोपेत असलेल्या थुवैनीचा त्याच्या सालिम नावाच्या मुलानेच खून केला. आता माजिदने विचारले, पितृघातक्याला पैसे का म्हणून द्यावे? प्रश्न नैतिकदृष्ट्या बिनतोड होता, पण निवाड्यात लिहिले होते की रक्कम व्यक्तीला नसून गादीला आहे. आणि ब्रिटिश सरकारने निवाड्याचाच आग्रह धरला. दोन वर्षांत सालिमही गेला. त्याला हाकलून अझ्झान नावाचा इमाम आला. आणि १८७१ साली अझ्झानला मारून जो मस्कतचा धनी झाला तो म्हणजे सोहारचा तो जुना भाऊ तुर्की. झांझिबारात १८७० साली माजिद मरण पावला व गादीवर बसला बरगश, मुंबईतील हद्दपारी भोगून परतलेला. ज्या दोघांना लवादाने बाजूला ठेवले होते, तेच दोघे शेवटी दोन सिंहासनांवर बसले. बरगश हा कर्तबगार राजा निघाला. त्याने शहराला नळाचे पाणी आणले व ‘बैत अल-अजाइब’ नावाचा भव्य वाडा उठविला. मुंबईत पाहिलेल्या शहररचनेचा त्याच्या मनावर ठसा होता असे सांगतात. पण मस्कतला पैसे पाठविण्याचे त्याच्याही जिवावर येई.

ही गाठ सोडविली बार्टल फ्रेयर याने. साताऱ्याचे राज्य खालसा झाले तेव्हा तेथे रेसिडेंट असलेला आणि दत्तक मान्य व्हावा असे मत देणारा हाच फ्रेयर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. १८७३ साली तो गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तह करण्यासाठी मस्कत व झांझिबार येथे गेला. तुर्कीने तहावर सही केली. बरगशने प्रथम नकार दिला. नाकेबंदीची धमकी आल्यावर ५ जून १८७३ रोजी त्यानेही केली, आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. मस्कतचे चाळीस हजार क्राउन देण्याची जबाबदारी ब्रिटिश सरकारने स्वतःकडे घेतली. रुपयांत त्याचे मूल्य ८६,४०० ठरले, आणि मस्कतच्या राजाने गुलामांविषयीचा तह पाळावा या अटीशी ते जोडले गेले. भावाने भावाला द्यावयाची भरपाई आता पंचच देऊ लागला. थुवैनीच्या घराण्याने ज्या रकमेसाठी तंटा केला, तिच्यासाठी मस्कतच्या गादीला यापुढे इंग्रज अधिकाऱ्याच्या मर्जीकडे पाहावे लागले. हा भरणा विसाव्या शतकातही चालू होता.

झांझिबारचे स्वातंत्र्य मानणारा तो १८६२ चा जाहीरनामा पुढे फार दिवस आड आला नाही. १८८६ साली इंग्लंड आणि जर्मनी यांनी आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील मुलूख आपापसांत वाटून घेऊन सुलतानाला बेटे व किनाऱ्याची एक चिंचोळी पट्टी ठेवली. १८९० साली झांझिबार ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेले. १८९३ साली तेथील गादी रिकामी झाली तेव्हा इंग्रजांनी तिच्यावर बसविला तो हमद, थुवैनीचा मुलगा. बत्तीस वर्षांपूर्वी ज्याच्या पित्याला झांझिबारवर हक्क नाही असे ठरले होते, त्याच्या मुलाला आता ते बक्षीस म्हणून मिळाले. १८९६ च्या ऑगस्टात हमद मरण पावला. बरगशचा मुलगा खालिद याने, बापाने चाळीस वर्षांपूर्वी केले होते तसेच, कोणास न विचारता राजवाड्याचा ताबा घेतला. या खेपेस लवाद नेमला गेला नाही. २७ ऑगस्ट रोजी सकाळी नऊ वाजता बंदरातील ब्रिटिश युद्धनौकांनी वाड्यावर तोफा डागल्या, आणि पाऊण तासाच्या आत तो वारसाहक्काचा प्रश्न सुटला.